हुकमाची पोच

माझे वडील हुबळीच्या मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते, आणि त्यांच्या मेजावर बारनिशीची जी जाडजूड वही असे तिच्या अगदी शेवटच्या रकान्याविषयी त्यांना जितकी आस्था होती तितकी घरातल्या कोणाविषयीही नसावी, असा आम्हां भावंडांचा लहानपणी समज होता. पहिल्या रकान्यात जावक क्रमांक, मग तारीख, मग हुकूम ज्याच्या नावे निघाला त्याचे नाव, आणि सर्वांत शेवटी तामिलीचा जबाब. हा शेवटचा रकाना कोरा असेल तर त्यांच्या लेखी हुकूम निघालाच नव्हता. १९५६ च्या १ नोव्हेंबरला धारवाड जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, वरचे साहेब बदलले, शिक्के बदलले. रकाना मात्र होता तिथेच राहिला.

मी त्यांच्या वाटेने गेलो नाही. अक्षर वाईट होते हे एक कारण, आणि बंद पडलेला रेडिओ उघडून बसण्यात जो आनंद मिळे तो वहीत मिळत नसे हे दुसरे. यथाकाल आयटीआय झाले, दुसऱ्याच्या गॅरेजात उमेदवारी झाली, आणि १९८४ साली विद्यानगरात, पुणे-बंगलोर रस्त्यापासून आत वळणाऱ्या एका गल्लीत, गाड्यांच्या विजेच्या कामाचे लहानसे दुकान मी मांडले. जागा निवडताना विचार केला होता असे म्हणणे प्रौढीचे होईल, पण ती निवड फळली खरी; कारण १९४७ साली स्थापन झालेले भूमरड्डी अभियांत्रिकी महाविद्यालय, ज्याला अवघे गाव बीव्हीबी म्हणून ओळखते, आणि १९५७ सालचे मेडिकल कॉलेज, ज्याचे नाव पुढे बदलले तरी आमच्या तोंडी केएमसीच राहिले, या दोहोंच्या सान्निध्यामुळे प्राध्यापक आणि डॉक्टर हे माझे आद्य गिऱ्हाईक झाले, आणि नवी गाडी, नवी सोय, नवी खोड हुबळीत इतरत्र पोचण्याआधी माझ्या दारात येऊ लागली.

दुकान उघडले तेव्हा अँबेसिडर आणि प्रीमियर पद्मिनी यांचे राज्य होते, आणि १९८३ च्या डिसेंबरात निघालेली मारुती नुकती कुठे दिसू लागली होती. त्या काळी गाडीची दारे बंद करणे हा एक सांसारिक विधी असे. चालवणारा खाली उतरून आपले दार किल्लीने बंद करी, पण त्याआधी आत बसूनच डावीकडे वाकून, मग मागे हात लांबवून, उरलेल्या तीन दारांची बटणे खाली दाबलेली आहेत की नाहीत हे पाही. आणि निघताना उलट क्रमाने, स्वतः आत बसल्यावर शेजारच्या दाराचे बटण उचलून बाहेर ताटकळत उभ्या असलेल्या पत्नीस आत घेई. माझा एक स्नेही म्हणे की लग्न होऊन किती वर्षे झाली हे नवरा ते बटण किती तत्परतेने उचलतो यावरून सांगता येते. हे आडवे वाकणे गाड्यांतून नाहीसे झाले त्याला माझाही काही अंशी हातभार लागला आहे.

सेंट्रल लॉकिंग हे नाव मी प्रथम ऐकले तेव्हा ते अगदी नव्या काळाचे असावे असे वाटले होते. पुढे वाचनात आले की अमेरिकेत स्क्रिप्स-बूथ नावाच्या उंची गाडीत १९१४ सालीच विजेवर चालणारी कुलुपे होती, ती सोय मग विस्मृतीत गेली आणि १९५६ साली पॅकार्डने तिचे पुनरुज्जीवन केले. म्हणजे ज्या वर्षी माझ्या वडिलांच्या कचेरीने राज्य बदलले त्याच वर्षी. या योगायोगात अर्थ काही नाही, पण मला तो लक्षात राहिला.

आमच्या हाती ही वस्तू आली ती नव्वदीच्या मध्यावर, पेटीच्या रूपाने. कारखान्यातून केवळ हातकुलुपे घेऊन आलेल्या गाडीस बाहेरून बसवायचे किट असे ते, आणि नाशिकच्या ऑटोकॉपसारखी नावे त्या साहित्यामुळे मेकॅनिकांच्या ओठी बसली. पेटीत चार गन, एक मॉड्यूल, तारांचा जुडगा, भोके पाडलेल्या लोखंडी पट्ट्या, बारीक सळया आणि मूठभर स्क्रू असत. गन हे धंद्यातले नाव. वास्तविक तो हाताच्या पंज्याएवढा प्लॅस्टिकचा डबा, ज्याच्या पोटात खेळण्यात असते तशी एक छोटी मोटर आणि तिच्या फिरण्याचे सरळ मागेपुढे सरकण्यात रूपांतर करणारी दातेरी चक्रे असतात, आणि ज्याच्या टोकाशी असलेली दांडी पाऊण इंचाच्या आसपास बाहेर येते वा आत जाते. इतकेच. त्या पाऊण इंचाने दाराच्या बटणापासून खालच्या कुलुपाकडे जाणारी सळई उचलली वा दाबली जाते, म्हणजे आपली बोटे जे काम करीत तेच काम, त्याच सळईवर, आतून होते. गन कुलूप लावीत नाही; कुलूप पूर्वीचेच असते. ती फक्त आपला हात आहे.

बसवण्याचे काम दार सोलण्यापासून सुरू होई. काच चढवण्याच्या मुठीमागे एक इंग्रजी सी अक्षरासारखी स्प्रिंग असते, ती काढण्यासाठी हत्यारे विकत मिळतात, पण जुन्या कारागिरांची रीत अशी की फडक्याची चिंधी मुठीमागे सरकवून दोन्ही टोकांनी पॉलिश मारल्यागत मागेपुढे ओढायची. स्प्रिंग उडते आणि उमेदवाराचा निम्मा दिवस ती शोधण्यात जातो. मग डोअर पॅडच्या क्लिपा एकेक करून सोडवायच्या, आतला पावसाचे पाणी अडवणारा प्लॅस्टिकचा कागद न फाडता सोलायचा, आणि दाराच्या त्या अंधाऱ्या पोकळीत हात घालून, काचेच्या वाटेत न येता, सळईला समांतर अशी जागा गनसाठी शोधायची. गन तिरपी बसली तर दांडी अडते. काचेच्या वाटेत बसली तर काच उतरताना तिचा चुराडा होतो. या पोकळीतल्या पत्र्याच्या कडा वस्तऱ्यासारख्या असतात. माझ्या उजव्या मनगटावर ज्या चार पांढऱ्या रेघा आहेत त्या चार निरनिराळ्या दारांच्या आहेत, आणि कोणती कोणाची हे मी आजही सांगू शकेन.

आता मुद्द्याची गोष्ट. तीन दारांच्या गनना दोन-दोनच तारा असत, आमच्या हाती येणाऱ्या किटांत बहुधा एक निळी आणि एक हिरवी. मोटरला वीज एका दिशेने दिली की दांडी खाली जाते, उलट दिशेने दिली की वर येते. या उलटापालटीसाठी मॉड्यूलमध्ये दोन रिले असतात, जे स्वस्थ असताना दोन्ही तारा अर्थला जोडून ठेवतात, आणि हुकूम झाला की त्यांपैकी एक अर्ध्या-पाऊण सेकंदापुरता बॅटरीच्या बारा व्होल्टला जोडला जाऊन पुन्हा सुटतो. यापेक्षा अधिक वेळ वीज राहिली तर मोटर टोकाशी अडून तापेल आणि जळेल, म्हणून मुदत आखडती. चालकाच्या दारातील गनला मात्र पाच तारा: त्याच दोन, आणि शिवाय काळी, पांढरी, तपकिरी. कारण त्या गनच्या पोटात मोटरबरोबर एक लहानसा स्विचही असतो. चालकाने किल्ली फिरवली वा बटण दाबले की ती दांडी हाताने सरकते, आतला स्विच पालटतो, काळ्या तारेतला अर्थ कधी पांढरीला तर कधी तपकिरीला मिळतो, आणि मॉड्यूल ते वाचून उरलेल्या तिघांना हुकूम काढते.

हे प्रथम नीट समजले त्या दिवशी मला वडिलांच्या वहीची आठवण झाली. चालकाचे दार म्हणजे कचेरी: तिथे हुकूम निघतोही आणि पोचतोही. उरलेली तीन दारे म्हणजे दूरची खेडी. तिथे हुकूम पोचतो, पण तिथून जबाब यायला तारच नाही. दोन तारांच्या दाराने हुकूम पाळला की नाही, सळई सरकली की गंजून अडली, हे मॉड्यूलला कळण्याचा काही मार्ग नाही. ते आपला अर्धा सेकंद वीज सोडते, खट् असा एक आवाज होतो, आणि कारभार निर्वेध चालला आहे असे मानते. शेवटचा रकाना त्या यंत्रात छापलेलाच नव्हता.

मी हे गमतीने गिऱ्हाइकांना सांगत असे, आणि वडिलांनाही सांगितले. त्यांना तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, की मग हुकूम खरोखर कचेरीतूनच निघाला आहे, दुसऱ्या कोणी तिच्या नावाने काढलेला नाही, हे तरी ते यंत्र पाहते काय? मी हसलो. म्हाताऱ्या कारकुनाची शंका, असे मनात म्हटले.

१९९९ च्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारचे बारा वाजून गेले होते, आणि एक मुलगा सायकल टाकून धावत दुकानात आला व कानडीतच ओरडला, ‘‘अण्णा, लॉक आगेदरी, बेग बर्री, पाप ऒळग ऐतरी!’’ लॉक झाले, लवकर या, लेकरू आत आहे. केएमसीच्या समोरच्या रस्त्यावर एक गाडी उभी होती, ती मी ओळखली. पाच-सहा महिन्यांपूर्वी तिला किट मीच बसवले होते. एका प्राध्यापकांची गाडी, त्यांच्या पत्नी चालवीत. औषध घ्यायला त्या क्षणभर खाली उतरल्या, किल्ली आतच लटकत होती, त्यांनी आपले दार ओढून घेतले, आणि दार लागताक्षणी चारही दारांतून खट् असा आवाज आला. मागच्या आसनावर तीन वर्षांचा मुलगा. काचा सगळ्या वर.

जमलेल्या वीस-पंचवीस माणसांपैकी प्रत्येक जण त्यांना एकच गोष्ट सांगत होता, की बाई, उतरताना तुमच्याकडून बटण दाबले गेले असेल. प्रत्येकाला, आणि मी पोचल्यावर मलाही, त्या हेच सांगत होत्या: ‘‘अण्णा, मी काहीच दाबलं नाही हो. बटणाला हातसुद्धा लावला नाही.’’ मी ‘‘हो हो’’ म्हणालो. खरे सांगायचे तर माझाही त्यांच्यावर विश्वास बसला नव्हता. घाईत माणूस काय दाबतो हे त्याला आठवत नाही, हा माझा पंधरा वर्षांचा अनुभव होता, आणि अनुभव ही चीज अशा वेळी किती उद्दाम असते याची तेव्हा मला जाणीव नव्हती.

हॅकसॉची एक जुनी पात घासून, तिच्या टोकाला खाच पाडून, मी पेटीत ठेवलेली असे. काच आणि बाहेरचे बीडिंग रबर यांच्या फटीतून ती खाली सोडायची, आणि आत चाचपून सळईला खाच अडकवायची. मुलापासून सर्वांत दूरचे म्हणून पुढचे डावे दार निवडले. पात हातात असूनही तिला वाट सापडेना, कारण हात थरथरत होते. घामाने पात निसटत होती. आणि आत तो मुलगा, ज्याला या साऱ्याचा अजून पत्ता नव्हता, दोन आसनांच्या मधून पुढे येऊन स्टिअरिंग धरून तोंडाने गाडीचा आवाज काढीत होता. त्याचे केस कपाळाला चिकटले होते. तिसऱ्या की चौथ्या खेपेस पात अडकली ती मूळच्या सळईला नव्हे, तर मी बसवलेल्या गनच्या सळईला; कारण ती नेमकी कुठे आहे हे माझ्या हाताला ठाऊक होते. ओढली, बटण वर आले. एकच दार उघडले, उरलेली तिन्ही बंदच राहिली, कारण त्या दाराला दोनच तारा. ते इतरांना काय सांगणार. पण एक दार पुरेसे होते.

मुलगा सुखरूप होता, किंबहुना स्टिअरिंगवरून उचलल्याबद्दल रडत होता. गाडी मी दुकानात आणली आणि चालकाच्या दाराचे पॅड उघडले. गन ठीक, स्विच ठीक, मॉड्यूल ठीक. मग दार आणि खांब यांच्या मधली तारांची वाट पाहिली. दाराच्या बिजागरीशी पत्र्याला एक भोक पाडून त्यातून मी पाच तारा आत घेतल्या होत्या, आणि त्या भोकात रबरी ग्रोमेट बसवायला हवे होते ते बसवले नव्हते. संपले होते की घाई होती, आज आठवत नाही, बहुधा दोन्ही. तारांवर चिकटपट्टीचे दोन वेढे देऊन भागवले होते. पाच-सहा महिन्यांत दार शेकडो वेळा उघडझाप झाले, प्रत्येक वेळी त्या तारा भोकाच्या कडेवर वाकल्या, चिकटपट्टी उन्हाने सुकून सरकली, आणि त्या वस्तऱ्यासारख्या कडेने पाचांपैकी नेमकी तपकिरी तार खरवडून आतले तांबे उघडे केले. दार आपटले की ते तांबे पत्र्याला टेके. पत्रा म्हणजे अर्थ. तपकिरी तारेला अर्थ मिळाला याचा अर्थ मॉड्यूलच्या लेखी एकच, की चालकाने कुलूप लावण्याचा हुकूम दिला. तो स्विचकडून आला की खरवडल्या कडेकडून, हे विचारण्याची त्याला सोय नव्हती. त्याने इमानेइतबारे तो चौघांना बजावला, आणि चौघांनी पाळला.

बनावट हुकूम, खरी तामिली. आणि बनावट हुकमाचा कागद माझ्याच कचेरीतून गेला होता.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. चूक कबूल करणे हे काम मी आयुष्यात फार वेळा केलेले नाही, आणि त्या दिवशीही धडपणे केले असे नाही; आधी तार, मग पत्रा, मग चिकटपट्टी, मग मे महिन्याचे ऊन, अशा क्रमाने बोलत शेवटी माझ्या हातापाशी आलो. प्राध्यापक गंभीरपणे ऐकत होते. त्यांच्या पत्नी चहाचा ट्रे हातात घेऊन दारातच उभ्या राहिल्या होत्या. माझे बोलणे संपल्यावर त्या म्हणाल्या, ‘‘म्हणजे मी दाबलं नव्हतं.’’ मी म्हणालो, ‘‘नाही वहिनी, तुम्ही दाबलं नव्हतं.’’ त्यांनी ट्रे खाली ठेवला. दिवसभर नवऱ्यासह सगळ्या गल्लीने त्यांना बेफिकीर आई ठरवले होते, आणि त्यांना माझ्या क्षमायाचनेत रस नव्हता, नुकसानभरपाईत तर नव्हताच. एवढे एक वाक्य चारचौघांसमोर हवे होते. पुढे कित्येक वर्षे ती मंडळी माझ्याकडेच गाडी आणीत. त्या आल्या की मी आधी उठून उभा राहत असे. का, ते दुकानातल्या पोरांना कधी कळले नाही.

त्या रात्री गिऱ्हाइकांची वही काढून बसलो. वडिलांचा संस्कार म्हणा, मी बसवलेल्या प्रत्येक किटाची तारीख आणि गाडीचा क्रमांक लिहून ठेवीत असे. ग्रोमेट घातले की नाही, हे मात्र कोठेच लिहिलेले नव्हते. म्हणून संशयाचा फायदा कोणालाच न देता एकोणीस गाड्या परत बोलावल्या. बोलावणे सोपे, येणे अवघड. लोकांना वाटे की हा काहीतरी नवे विकणार. एक जण म्हणाला, ‘‘चालतंय की मग, कशाला उघडायचं?’’ एक गाडी बेळगावला बदलून गेली होती, तिच्यामागे मी रविवारच्या बसने पेटी घेऊन गेलो. दोन महिन्यांत सतरा गाड्या पाहून झाल्या. त्यांपैकी चारांत चिकटपट्टी सरकलेली होती, आणि एकीत तर पांढरी तार झिजत आली होती, म्हणजे ती गाडी एखाद्या रात्री आपोआप उघडली असती. उरलेल्या दोन गाड्या मला कधीच सापडल्या नाहीत. त्या आता भंगारात गेल्या असतील, असे मी मनाला सांगतो.

वडिलांना ही हकिकत सांगितली तेव्हा ते काही बोलले नाहीत. हसलेही नाहीत, ही त्यांची सभ्यता.

मध्यंतरी दोन निराळ्या प्रकृतीची दारे पाहण्याचा योग आला, त्यांचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. १९९५ पासून पुण्याजवळ टेल्कोच्या आवारात मर्सिडीझ जोडली जाऊ लागली, आणि त्या मालिकेतली एक जुनी गाडी एकदा माझ्याकडे आली ती कुलपे अर्धवट लागतात अशी तक्रार घेऊन. दार उघडले तर गन नाही, मोटर नाही. रबरी पडदा असलेल्या डब्या आणि बारीक नळ्या. गाडीच्या मागच्या भागातला एक पंप हवा शोषून कुलपे लावी आणि हवा ढकलून उघडी. एका नळीला चीर गेली होती, एवढेच. ती सापडवायला मला दीड दिवस लागला, कारण विजेच्या माणसाला हवा दिसत नाही. पण काय तो आवाज! खट् नव्हे, कोणी जाणत्या माणसाने घसा साफ करावा तसा, एक मंद, प्रतिष्ठित निःश्वास.

दुसरे दार म्हणजे रिमोटचे. दुरून कुलूप उघडण्याची ही युक्ती फ्रान्समध्ये रेनॉने १९८२ साली आपल्या फुएगो गाडीत आणली, तेव्हा ती अदृश्य अवरक्त किरणांवर चाले, आणि पॉल लिपशुट्झ या तिच्या जनकाच्या नावावरून फ्रेंच लोक त्या चिमुकल्या यंत्राला अजूनही प्लिप म्हणतात. आमच्याकडे आले ते रेडिओलहरींवरचे. पहिल्या रिमोटांबद्दल बोलू नये ते बरे. ते दर वेळी एकच संकेत पाठवीत, म्हणजे ज्याने तो एकदा हवेतून टिपला त्याच्या हाती किल्लीच आली. पुढे बदलत्या संकेताची पद्धत आली, आणि ती मला समजावली ती बीव्हीबीतल्या एका विद्यार्थ्याने, जो प्रकल्पासाठी माझ्याकडे जुनी मॉड्यूले मागायला येत असे. तो म्हणाला, काका, रिमोट प्रत्येक दाबण्यासरशी एक आकडा पुढे सरकतो, तो आकडा गुप्त किल्लीने घोळून पाठवतो, आणि गाडी शेवटी आलेला आकडा लक्षात ठेवते; मागचा आकडा पुन्हा आला तर ती ढुंकून पाहत नाही. मी त्याला मध्येच थांबवले. जावक क्रमांक! एकदा वापरलेला क्रमांक दुसऱ्या हुकमावर घालता येत नाही. दक्षिण आफ्रिकेत १९८० च्या दशकाच्या मध्यास निघालेली आणि १९९५ साली मायक्रोचिप या अमेरिकी कंपनीने विकत घेतलेली कीलॉक नावाची अशी एक पद्धत जगभर पसरली. वडिलांच्या त्या म्हातारशंकेचे उत्तर शोधण्यात जगाचे एवढे द्रव्य आणि एवढी बुद्धी खर्च झाली होती, आणि तरी २००८ साली जर्मनीत बोखुमच्या विद्यापीठातील संशोधकांनी त्या उत्तरालाही भोक पाडून दाखवले.

या जावक क्रमांकामुळे एक गंमत होते. घरी लहान मूल रिमोटशी खेळते, शे-दोनशे वेळा बटण दाबते, आकडा फार पुढे जातो. गाडीची तयारी पुढच्या थोड्याच, अशा पद्धतींत बहुधा सोळा, आकड्यांपर्यंत विनातक्रार मानण्याची असते, त्यापलीकडचा आला की ती संशयाने गप्प बसते. लागोपाठ दोन आकडे बरोबर क्रमाने आले तर मग पुन्हा विश्वास ठेवते. म्हणून रिमोट चालत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्यास मी आधी विचारतो, घरी नातवंडे आली होती काय? आणि सांगतो, दोनदा दाबा. यासाठी पैसे घेत नाही. पण त्यांना आश्चर्य वाटते त्याचा आनंद घेतो.

अलीकडच्या गाड्यांत किट बसवण्याचे कामच राहिलेले नाही. दारे कारखान्यातूनच बोलकी येतात. जर्मनीतल्या बॉशने १९८६ साली जगापुढे मांडलेली कॅन नावाची तारजोडणी आता साध्या गाडीतही असते, आणि तिच्यामुळे मुख्य नियंत्रकास कळते की अमुक दार नीट लागले नाही. अपघातात एअरबॅग उघडली तर अनेक गाड्यांत कुलपे आपण होऊन सुटतात. शेवटचा रकाना अखेर छापला गेला म्हणायचा. तरी धूळ आहे, पाऊस आहे. आमच्या गावात जलद बसचा मार्ग बांधला जात होता त्या वर्षांत पुणे-बंगलोर रस्त्यावरची धूळ प्रत्येक कुलपात शिरली, ग्रीसमध्ये कालवली गेली आणि तिची सिमेंटसारखी लापशी झाली. मोटर आपले काम चोख करी, जबाब ठीक असल्याचा जाई, आणि कुलपाची जीभ अर्ध्यावर थांबलेली असे. ज्या दिवशी त्या मार्गावरून चिगरी नावाची हिरवी बस प्रथम धावली त्या दिवशी मला इतरांपेक्षा जरा निराळ्या कारणाने हायसे वाटले. गाडी लावल्यावर चारही दारांच्या मुठी स्वतः ओढून पाहण्याची माझी सवय गेली नाही, आणि माझी मुलगी मला त्यावरून हसते. तिच्या गाडीच्या पडद्यावर चार हिरवे ठिपके येतात.

सध्या दुकानात उणकलचा एक मुलगा शिकतो. हात चांगला आहे, बोलतो कमी. परवा एका जुन्या गाडीच्या दारातल्या तुटलेल्या तारा त्याने बदलल्या, पॅड बसवले, मूठ लावली, आणि झाले म्हणून सांगायला आला. मी विचारले, ग्रोमेट? म्हणाला, घातले. मी म्हटले, दाखव. त्याने माझ्याकडे एकदा पाहिले, कानडीत काहीतरी पुटपुटला जे मी ऐकले नाही असे ठरवले, आणि चिंधी घेऊन पुन्हा मुठीमागची स्प्रिंग उडवायला बसला. पॅड निघाले. ग्रोमेट होते, नवे, काळे, भोकात घट्ट बसलेले, माझ्या हातून बसते त्यापेक्षाही नीट. ‘‘बरं,’’ मी म्हणालो. पॅड पुन्हा बसवताना एक क्लिप तुटली. तशी क्लिप डब्यात सापडेना, म्हणून आम्ही दोघांनीही खाली बसून जुन्या क्लिपांचा तो सगळा डबा वर्तमानपत्रावर उलटा केला.